घरटी एक आत्या

आमच्या लहानपणी ओळखीपाळखीच्या एकाही घरात घटस्फोट झालेला नव्हता. मोडलेलं लग्न मात्र बहुतेक घरांत होतं. साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं. त्यांतल्या तिघांकडे सासरहून परत आलेली एकेक बाई राहायची. आमच्याकडे धाकटी आत्या, समोरच्या काकूंकडे त्यांच्या वन्सं आणि मागच्या दोन खोल्यांत मालकीणबाईंची बहीण. "त्या इथेच असतात" एवढंच आम्हां मुलांना ठाऊक होतं आणि त्यापलीकडे विचारायचं नसतं हेही न सांगता कळलेलं होतं.

आता आम्ही भावंडं कुणाच्या साठीशांतीला, कुणाच्या नातवाच्या बारशाला जमतो, तेव्हा बोलणं हटकून तिथंच येतं. अमक्याच्या मुलीचं दोन वर्षांत मोडलं, तमक्याचा मुलगा वेगळा राहतो. मग कुणीतरी उसासा टाकतं, "आपल्या वेळी असं नव्हतं." वाड्याची आठवण मलाही येते. चैत्रगौरीची कैरीची डाळ, गच्चीवर ओळीनं घातलेल्या गाद्या, पहाटे पाणी तापवायचा बंब, सगळं आठवतं. पण "असं नव्हतं" हे वाक्य मला गिळवत नाही, कारण त्याच गच्चीवर आमच्या शेजारी धाकटी आत्या झोपलेली असायची.

आत्याचं लग्न १९५७ सालचं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तीन वर्षं सासरी नांदली. तिसऱ्या दिवाळीला माहेरी आली ती आलीच, न्यायला कुणी फिरकलं नाही. आजोबांनी पत्रं घातली, दोन वडीलधारी माणसं मध्यस्थीला जाऊन आली. तिकडून "बघू" एवढंच उत्तर. वर्षभरानं कळलं, की जावईबापूंनी दुसरा घरोबा केला आहे.

कायदा नव्हता म्हणून ती अडकली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला आणि १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही झाला. १९५५ साली देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला. म्हणजे आत्या बोहल्यावर उभी राहिली तेव्हा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. पण त्या कायद्याचं दार अरुंद होतं. व्यभिचार, धर्मांतर, वेड, कुष्ठरोग, गुप्तरोग, संन्यास किंवा सात वर्षं बेपत्ता, यांतलं काही असेल तर घटस्फोट. नवऱ्यानं छळलं किंवा टाकून दिलं तर थेट घटस्फोट नाही. आधी न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळवायचा आणि त्यानंतर आणखी दोन वर्षं थांबायचं. दुसरं लग्न हा गुन्हा होता खरा, पण तो सिद्ध करायचा कसा? १९६५ साली महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दुसरं लग्न रीतसर विधींनी लागलं हे सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही. होम आणि सप्तपदी झाली हे दाखवता आलं नाही, म्हणून आरोपी सुटले. देवळात जाऊन हार घालणाऱ्यांना त्यातून वाट सापडली. आत्याच्या नवऱ्यानंही देवळातच हार घातले होते.

आजोबांनी या कशाचीच चौकशी केली नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हा त्यांचा ठाम नियम. पोटगीचा अर्जसुद्धा केला नाही. केला असता तरी फार हाती लागलं नसतं. फौजदारी कायद्यातल्या पोटगीला तेव्हा दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि केंद्राच्या कायद्यात ती २००१ सालापर्यंत तशीच राहिली. साबणापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं महागलं तरी टाकलेल्या बायकोची किंमत कायद्यानं पाचशेवरच धरली होती. याचा राग मला अजून येतो.

आजोबांनी एक गोष्ट मात्र केली, आणि ती त्या काळात लहान नव्हती. त्यांनी आत्याला पुण्याला पाठवून शिकवलं. आधी व्हर्नाक्युलर फायनल, मग शिक्षिकेचा अभ्यासक्रम. हिंगण्याची संस्था, रमाबाई रानड्यांचं सेवासदन, ही ठिकाणं विधवांची म्हणून आपण ओळखतो. पण नवऱ्यानं टाकलेल्या कितीतरी मुलीही तिथूनच शिकून, मास्तरणी आणि नर्स होऊन बाहेर पडल्या. आत्या शिकून आली तेव्हा स्कूल बोर्ड जाऊन नुकतीच जिल्हा परिषद आली होती. तिला नोकरी लागली. पगाराच्या दिवशी ती कंदी पेढे आणायची आणि वाड्यातल्या प्रत्येक पोराच्या हातावर एकेक ठेवायची. पाढे तिनंच आमच्याकडून घोटून घेतले.

एवढं असून तिची जागा कुठली, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. रेशनकार्डावर ती माझ्या वडिलांच्या खाली, "बहीण" म्हणून. शाळेच्या हजेरीपटावर नाव सासरचं. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण नवरात्रात सवाष्ण जेवायला घालायची वेळ आली की बायका घुटमळायच्या. ती सवाष्ण तर होतीच, मग घुटमळायचं कशाला, हे मला लहानपणी कळायचं नाही. आत्याला कळायचं. त्या नऊ दिवसांत ती शाळेतून उशिरा घरी यायची.

१९९१ साली एक पोस्टकार्ड आलं. "आत्याचे यजमान" वारले होते. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता आत्यापुढे धरलं. तिनं अंघोळ केली, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. ज्या माणसाच्या घरातून येऊन एकतीस वर्षं झाली होती, त्याचं सुतक पाळायचं की नाही यावर घरात हलक्या आवाजात बोलणं झालं. शेवटी तिनंच रजेचा अर्ज लिहायला घेतला. मी शेजारीच बसले होते. कारणाच्या ठिकाणी तिनं "पतिनिधन" असं वळणदार अक्षरात लिहिलं, खाली तारीख घातली आणि अर्ज माझ्या हाती देऊन म्हणाली, "हेडमास्तरांना नेऊन दे, आणि प्रश्नपत्रिका कपाटात वरच्या फळीवर आहेत म्हणून सांग." दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सगळ्या बाई भेटायला आल्या. त्यांच्यातल्या एकीनंही त्या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं.

सरकारी मोजदादीत ही अशी लग्नं कुठं असतात? २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं सुमारे साडेतेरा लाख निघाली, आणि घटस्फोट न घेता विभक्त राहणारी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. त्या विभक्तांमध्ये पुरुषांपेक्षा बायका जास्त. हा आकडा वाचला तेव्हा आमचा वाडाच डोळ्यांपुढे आला. घटस्फोट वाढले असं म्हणताना आपण फक्त कोर्टात पोचलेली लग्नं मोजतो. पूर्वी जी घराच्या आतच मोडून पडायची, ती कुणी मोजलीच नव्हती. आज वाढलेल्या घटस्फोटांतले पुष्कळसे या जुन्याच हिशेबातले आहेत, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा माणसं तुटली तरी कागद होत नव्हता, आता होतो.

आणि एका छपराखाली राहून तुटलेले तर त्याही आकड्यात नाहीत. वाड्यातल्या कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. सगळा संसार मुलांच्या तोंडून चालायचा. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, मीठ कमी आहे." दोघांमध्ये चार हातांचं अंतर, मध्ये सात वर्षांचा मुलगा इकडून तिकडे निरोप पोचवणारा. तो मुलगा पुढे माझ्या वर्गात होता. वर्गात फारसा बोलायचा नाही. ते दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिले आणि त्यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सवही झाला.

वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं मात्र वेगळं होतं. पहिला नवरा दारू पिऊन मारायचा. त्यांच्या भावांनी पंच बसवले, पंचांपुढे काडी मोडली, लग्न संपलं. पुढे त्यांनी पाट लावला आणि त्या दुसऱ्या घरी नीट नांदल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत हा काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि १९५५च्या कायद्यानंही रूढीनं होणारी फारकत मान्य करून ठेवली. पंच नेहमीच न्यायानं वागत असं नाही, दंड आणि अपमान बाईच्याच वाट्याला येण्याचे प्रसंगही होते. पण पांढरपेशांच्या आमच्या वाड्यात मावशींइतकी मोकळीक एकाही बाईला नव्हती. आत्या त्यांना कधीकधी ओसरीवर बसवून चहा द्यायची आणि दोघी बराच वेळ बोलत बसायच्या.

कायद्याचं दार खऱ्या अर्थानं रुंद झालं ते १९७६च्या दुरुस्तीनं. छळ आणि टाकून देणं ही घटस्फोटाची थेट कारणं झाली, आणि दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याची सोय आली. त्याआधी काय चालायचं हे पाहायचं तर दास्ताने खटला पाहावा. वकिलीच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. नवऱ्यानं १९६२ साली पुण्याच्या कोर्टात दावा लावला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९७५ साली. छळ झाला हे न्यायालयानं मान्य केलं, पण पुढे एकत्र राहून नवऱ्यानं तो माफ केला असं धरून त्याचं अपील फेटाळलं. तेरा वर्षं दोन माणसांनी कोर्टात घालवली आणि शेवटी होती तिथंच राहिली. नवरा काय, बायको काय, ती कायद्यानं एकमेकांना बांधलेलीच.

दुसऱ्या बाजूनं नांदायला येण्याचा दावा होताच. रखमाबाईंवर तो लावला गेला आणि १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे नवऱ्याशी तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. आपण शाळेत हे अभिमानानं शिकतो. पण तो दावा १९५५च्या कायद्यात नववं कलम म्हणून कायम राहिला, आणि बायकोनं पोटगी मागितली की उत्तरादाखल "नांदायला ये" अशी नोटीस धाडण्याची रीत आजही तालुक्याच्या कोर्टांत जुनी झालेली नाही.

आमच्या ओळखीतला पहिला घटस्फोट १९८४ साली झाला. दोघंही बँकेत नोकरीला, दोघांची संमती. लोक त्यांतल्या बाईला भेटायला गेले ते मयताला जावं तसे. भाड्यानं खोली मिळवताना तिला जो त्रास झाला तो मी जवळून पाहिला. "मिस्टर कुठं असतात?" या प्रश्नाशी येऊन प्रत्येक घरमालकाचं बोलणं थांबायचं. त्याच दशकात महाराष्ट्रात परित्यक्ता बायका संघटित होत होत्या, परिषदा घेत होत्या आणि स्वतंत्र रेशनकार्ड मागत होत्या. रेशनकार्ड ही किती मोठी मागणी आहे, हे ज्याच्या घरी आत्या होती त्यालाच कळेल. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नारी समता मंच सुरू केला. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध ४९८अ कलम आलं, १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला, आणि १९८९ साली पुण्यामुंबईत ती न्यायालयं सुरूही झाली. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला.

पण कायद्यांच्या या यादीपेक्षा मला एक वेगळा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. १९७९ साली आत्यानं कर्ज काढून एका सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. आमच्या घराण्यात स्वतःच्या पैशानं घर घेणारी ती पहिली बाई. वास्तुशांतीला वाड्यातले वकीलकाका आले होते. जेवणं झाल्यावर ते तिला म्हणाले, "ताई, उद्याच्या उद्या मृत्युपत्र करा." तिला वाटलं, चांगल्या दिवशी हे काय अभद्र. मग त्यांनी समजावून सांगितलं. हिंदू बाईनं स्वतः कमावलेलं, आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर ते आधी मुलांना आणि नवऱ्याला जातं. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर, भावंडांचा आणखी पुढे. म्हणजे ज्यानं तिला दिवाळीला माहेरी सोडलं तो माणूस, किंवा त्याच्यामागे त्याचे नातेवाईक, या दोन खोल्यांचे कायदेशीर मालक झाले असते. आत्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आठवड्याच्या आत मृत्युपत्र झालं.

१९५६च्या वारसा कायद्यातलं हे कलम आजही तसंच आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन सासरहून हाकलली गेलेली बाई, माहेरी शिकली, नोकरी केली, पैसा साठवला, आणि ती मृत्युपत्र न करता गेल्यावर तो सगळा सासरच्यांना मिळाला. न्यायालयानं स्पष्ट म्हटलं, की सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. घटस्फोटाचा हुकूम झालेला असेल तर नवरा वारस राहत नाही. लोक त्याला नुसता कागद म्हणतात, पण त्याच्या असण्यानसण्यावर बाईचं घर कुणाचं हे ठरतं.

आजची मुलं लवकर वेगळी होतात, हे खरं आहे आणि त्याची कारणं कायद्यात कमी, घरात जास्त आहेत. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क आला. लग्नं उशिरा होऊ लागली, आपलं काय हवंय हे ठाऊक असलेली दोन माणसं समोरासमोर येऊ लागली. आमच्या पिढीनं मुलींना वेगळं वाढवलं, पण मुलांना तसंच ठेवलं. हा दोष आमचा आहे. ज्या मुलाला आम्ही स्वतःचं ताट कधी उचलू दिलं नाही, त्याचं अशा मुलीशी कसं जमणार होतं?

वाड्याचं एक देणं मात्र हरवलं, त्याची मला खंत वाटते. भांडण झालं की समोरच्या काकू वाटी घेऊन साखर मागायला यायच्या. साखर त्यांच्या घरात असायचीच, पण कुणी बाहेरचं आलं की आवाज खाली यायचे. आता दहाव्या मजल्यावर दोघं, रात्री अकराला घरी येणारी, एकमेकांचे राग एकटेच झेलणारी. जी लग्नं थोड्या मायेनं सावरली असती, तीही तिथं तुटतात. आणि मुलं असली तर कोर्टातल्या भेटीच्या खोलीत, खेळण्यांच्या ढिगाऱ्यात, घड्याळाकडे बघत बसलेला बाप मी पाहिला आहे. त्याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या भाचीचं २०१६ साली बिनसलं. मारहाण नाही, हुंडा नाही. दोघंही भली, पण एकमेकांबरोबर दुःखी. माझा भाऊ आधी आजोबांच्याच भाषेत बोलला, "थोडं सहन कर, पदरी पडलं पवित्र झालं." तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या बैठकीच्या खोलीत बसली होती. ती म्हणाली, "तिला परत पाठवू नका. आणि नुसतं ठेवूनही घेऊ नका. कागद करा." भाऊ गप्प झाला. त्या घरात तो शब्द आत्याच्या तोंडून येणं म्हणजे काय, हे त्याला कळलं.

दोघं दीड वर्षाहून अधिक वेगळी राहिली आणि मग पुण्यातल्या शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीचा अर्ज झाला. समुपदेशकांनी दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलून पाहिलं. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट माफ झाली, कारण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ती प्रत्येक बाबतीत सक्तीची नाही असं ठरवून दिलं होतं. वेगळी झाली तेव्हा दोघं कोर्टाच्या कँटीनमध्ये एकत्र चहा प्यायली.

त्याच संध्याकाळी भाची हुकूमनामा घेऊन आत्याआजीकडे गेली. आत्यानं चष्मा लावला, पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं आणि विचारलं, "प्रमाणित प्रती किती घेतल्यास?"

"एकच."

"आणखी चार घे. बँकेला लागेल, पासपोर्टला लागेल. आणि पीएफवर वारस म्हणून अजून त्याचंच नाव असेल, ते उद्या ऑफिसात गेल्याबरोबर बदल."